गप्प बसून राखलेली पानं

मी, चष्म्यांच्या दुकानाची मालकीण, विधवा, निपुत्रिक, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. कोणाची जबरदस्ती नाही. तशी करायची आजवर कोणाची छातीही झाली नाही. याआधीचं काही लिहिलेलं निघालं तर ते रद्द समजावं.

१. दुकान, भिंगं घासायची यंत्रं आणि नंबर तपासायची पेटी विकून जे येईल ते माझ्या बहिणीच्या मुलीला द्यावं. बहीण गेल्यापासून ही भाची माझ्याचकडे वाढली.

२. धाकट्या दिरांना दार न लागणारं कपाट द्यावं. "पुस्तकातल्या माणसांसाठी कोणी रडतं का, वहिनी?" असं ते पाहुण्यांदेखत म्हणाले होते. त्यांना दुसरं काहीही देऊ नये.

३. समोरच्या खोलीतली कादंबरी भाचीला. होड्या बांधणाऱ्या एका घराण्याच्या चार पिढ्यांची ही गोष्ट आम्ही दर आठवड्याला मोठ्याने वाचत आलो: मी, शेजारचे शिंपीदादा, माझी नणंद आणि भाची. पाळीपाळीने एकेक पान. संपली की पुन्हा पहिल्यापासून. लोक विचारतात, तेच तेच काय वाचता? अहो, ते तेच राहतं कुठे? तरुणपणी मला घर सोडून जाणारी धाकटी सून आवडायची. आता तिच्यासाठी दार उघडं ठेवून बसणारी सासू कळते. भावाचा वाटा गिळणाऱ्या थोरल्याचा राग करायला जावं, तर लेखक त्याची दाढ अशी दुखवतो की आपलाच हात गालाला जातो. असं लिहिणाऱ्याचे हात प्रेमाने हातात घ्यावेत.

शिंपीदादा गेले. पुढच्या बैठकीत त्यांचं पान आलं, पण ते वाचायला कोणाची जीभ रेटेना. आम्ही तिघी पानावर नजर ठेवून गप्प बसलो. गोष्टीतले आजोबा स्वतःच्या लग्नाला निघताना कोटाची बटणं वरखाली लावतात, तिथे आम्ही एकदम हसलो. त्यात एक हसू नाकातलं होतं, आणि नाकातून फक्त शिंपीदादा हसायचे. तेव्हापासून त्यांचं पान आम्ही असंच राखतो. पुढे नणंदही गेली. ती भरभर वाचायची, म्हणून तिचं पान लवकर उलटतो.

४. राहतं घर भाचीला, मात्र एका अटीवर: तिने इथेच राहून वाचन चालू ठेवावं आणि माझंही पान गप्प बसून राखावं. तिला परगावच्या भिंगांच्या कारखान्यात नोकरी मिळते आहे, हे मला ठाऊक आहे. "मावशी, तुझ्यामागे मी इथे एकटी नाही गं बसणार," असं ती म्हणाली. मी म्हटलं, एकटी कुठे असशील?

सही. साक्षीदार: आमचे डॉक्टर आणि कोपऱ्यावरचे घड्याळजी.

पुरवणी

ही पुरवणी मी कादंबरीतल्या माझ्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिते आहे.

मागच्या बैठकीत मी माझं पान वाचलं. शिंपीदादांनी मान डोलावली. "आवाज चढव, वहिनी," नणंद म्हणाली. दोघंही आपापल्या खुर्चीत मला लख्ख दिसत होते. भाची मात्र ओठ मिटून पानाकडे बघत होती. मी शेवटच्या ओळीला पोचले, तशी तिने डोळे पुसले आणि पान उलटलं. ती माझं पान राखत होती. आपण गेलो आहोत, हे मला तेव्हा कळलं.

मग शिंपीदादांनी वाचलं, नणंदेने वाचलं, भाची गप्पच. स्वतःचं पान तिने मोठ्याने वाचलं आणि माझ्या रिकाम्या खुर्चीला विचारलं, "जमतंय का गं, मावशी?" छान जमतंय, असं मी म्हटलं. तिला ऐकू गेलं नाही. कारखान्यातून पुन्हा फोन आला, तर पोरीने नाही सांगितलं. माझ्या अटीपायी ती इथे वाळत चालली आहे.

तिला मोकळं करते म्हटल्यावर नणंद उसळली. "ती गेली तर आपली पानं कोण उलटणार?" तिचं खरं आहे. पेन्सिल कशीबशी उचलता येते, पान मात्र आमच्या हाताने हलत नाही. पुस्तक जिथे मिटेल तिथेच आम्ही कायमचे. मला ते चालेल.

तरी चौथ्या कलमातली अट मी रद्द करते. घर बिनशर्त भाचीचं. विकावं, पाडावं, तिची मर्जी. पान राखताना तिची नजर इथेच असते, म्हणून इथे लिहिलं.

साक्षीदार:
१. शिंपीदादा. सही केली, माझ्याकडे न बघता.
२. नणंद. सही दिली नाही. उठून भाचीच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली आहे.

स्थळ: समोरची खोली.
दिनांक: आज, माझं पान चालू असताना.

पोरी, वाचलंस ना? पुस्तक मिट आणि सरळ दाराकडे चालू लाग. मागे वळू नकोस.