तळहातावरची अक्षरं

१३ जानेवारी

पहिल्याच तासाला फजिती! देविका मॅडमनी माझी झेरॉक्स उचलून अख्ख्या वर्गाला दाखवली. तीन पानांचा चिनी लेख. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर मी पेन्सिलने लिहिलेला उच्चार, खाली मराठी अर्थ. गुळाला मुंग्या लागाव्यात तशी पानं काळी झालेली. सगळा रविवार घातला होता त्यात. मला वाटलं, कौतुक होणार.

"शिवांजली, तुमने चाइनीज़ कहाँ पढ़ी? तुमने अपनी पेंसिल पढ़ी है।" मग विचारलं, लेखकाला म्हणायचंय काय? दोनशे शब्दांचे अर्थ मला पाठ होते आणि या एका प्रश्नाचं उत्तर नव्हतं. ते दिलं अंशुमनने. पठ्ठ्याने शब्दकोश उघडलासुद्धा नव्हता!

एम.ए.चं शेवटचं सत्र. या वाचनाच्या तासाला पेन्सिल बंद, मोबाइल बंद. पान समोर, बारा मिनिटं, आणि मग सांगा काय कळलं. अडलात तरी थांबायचं नाही, पुढे जायचं.

मला थांबल्याशिवाय जमत नाही. रागच आला. अजून आहे.

१५ जानेवारी

अण्णांना घेऊन डॉक्टरांकडे. ऑक्टोबरात मेंदूचा झटका आला त्याला तीन महिने झाले. बोलणं ठीक, चालणं ठीक, हात ठीक. फक्त वाचता येत नाही. डोळ्यांना अक्षरं दिसतात, पण ती कुठली ते ओळखू येत नाहीत. आणि गंमत बघा, लिहिता येतं! डॉक्टरांनी कागद दिला. अण्णांनी झरझर लिहिलं — 'मल्हारी ज्ञानू शेळके, सुभेदार, निवृत्त.' कागद फिरवून डॉक्टर म्हणाले, पढ़िए. अण्णा बघत राहिले. स्वतःचं नाव!

"सुधरेल?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, थोडं थोडं, बहुतेक. रोज सराव पाहिजे.

गाडीत अण्णा म्हणाले, "जाऊ दे. पेपरात तरी कुठे काय चांगलं येतंय."

मला मराठी वाचायला या माणसाने शिकवलं. कॅन्टोन्मेंटच्या शाळेत हिंदी आणि इंग्रजी. संध्याकाळी ड्यूटीवरून आले की बूट काढायच्या आधी पाटी. 'दिल्लीत राहिलीस म्हणून आजीचं पत्र दुसऱ्याकडून वाचून घेणार काय?' म्हणायचे. मी रडायचे, ते हटायचे नाहीत.

रडू नाही आलं आज. जेवण गेलं नाही एवढंच.

१६ जानेवारी

एक सोय झाली — वही लपवायला नको. आई गेल्यापासून घरात आम्ही बापलेक दोघंच. अण्णांना वाचता येत नाही, आणि मी कॉलेजला गेले की त्यांच्या सोबतीला येणाऱ्या नेगी आंटींना मराठीत 'या, बसा' एवढंच कळतं. जेवणाच्या टेबलावरच पडून असते आता.

हे लिहिताना स्वतःचीच लाज वाटली. पण खरं आहे.

२२ जानेवारी

मॅडमनी खोडरबर दिलं. वर्गात, सगळ्यांसमोर! माझ्याच हाताने सगळे उच्चार पुसायला लावले. "आँख आलसी होती है। ऊपर आसान चीज़ मिली तो नीचे देखेगी ही नहीं।" आणि अक्षर डोक्यात बसत नसेल तर? तळहातावर बोटाने लिही म्हणाल्या. पेन नको, शाई नको, नुसतं बोट. डोळा विसरला तरी हाताला आठवतं.

मेट्रोत द्वारका येईपर्यंत तळहातावर गिरवत बसले. शेजारच्या बाईंनी मला वेडी समजून पर्स दुसऱ्या बाजूला घेतली.

३० जानेवारी

अण्णांचा सराव सुरू. लहान मुलांचं गोष्टींचं पुस्तक आणलं आहे. ते बोट ठेवतात, अडतात, मी शब्द सांगते, ते म्हणतात. आज पूर्ण पान 'वाचलं'. मी टाळ्या वाजवल्या. ते हसले नाहीत.

६ फेब्रुवारी

आज पाच मिनिटं शिल्लक असताना चिनी पान संपलं. मध्ये सात अक्षरं अडली, सोडून दिली. शेवटी कळलं — एक म्हातारा गावातलं घर विकायला काढतो आणि गिऱ्हाईक आलं की घराला नावं ठेवतो. त्याला विकायचंच नाहीये! हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. मला कळलं! मॅडमनी नुसती मान हलवली. तेवढ्यावर आठवडा निघेल.

आणि घरी येताना एकदम लक्षात आलं. मी अण्णांची पेन्सिल झाले आहे. त्यांच्या डोक्यावर उच्चार लिहीत बसते. ते पान बघतच नाहीत, माझ्या तोंडाकडे बघतात.

७ फेब्रुवारी

आज शब्द सांगितला नाही. एका शब्दावर अण्णा चार मिनिटं अडले. घाम फुटला त्यांना. मी जीभ दाताखाली धरून बसले. शेवटी पुस्तक भिरकावलं त्यांनी! सुभेदारसाहेब म्हणून ज्यांना अख्खी पलटण मानायची त्या माणसाने सशाचं पुस्तक भिंतीवर फेकलं.

मग स्वतःच उठून उचलून आणलं. "तू आत जा," म्हणाले.

२१ फेब्रुवारी

मॅडमनी थांबवून घेतलं. तैपेईला एक वर्षाची शिष्यवृत्ती आहे, वाचनाच्या परीक्षेत चांगले गुण हवेत, शिफारस त्या देणार. अर्ज एकतीस मार्चपर्यंत. "तुम्हारा ही नाम सोचा है मैंने।"

मी म्हटलं, सोचती हूँ मॅडम. सोचायचं काय त्यात? अण्णांना एकटं ठेवून? औषधाच्या पट्टीवरचं नाव वाचता येत नाही त्यांना. गेल्या महिन्यात सकाळची गोळी संध्याकाळी आणि संध्याकाळची सकाळी, तीन दिवस!

त्यांना सांगणार नाही. सांगितलं तर जा म्हणतील आणि मग गॅलरीत पाठ करून बसतील.

पण इथे तरी खरं लिहू दे. मला जायचंय. इतकं जायचंय की आज जिन्यातच बसले, वर घरात यावंसं वाटेना. वर आले तर अण्णांनी दार उघडलं आणि क्षणभर मला त्यांचा राग आला. राग! ज्यांनी मला वाचायला शिकवलं त्यांचा. पुरे.

२६ फेब्रुवारी

चहाला बसलो होतो. माझं आपलं तळहातावर गिरवणं चालू. अण्णा बघत होते.

"काय करतेस गं ते?"

सांगितलं. उठून स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ आवाज नाही म्हणून डोकावले, तर फळीसमोर उभे. आईने डब्यांवर नावाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, त्या अजून तशाच आहेत. एका डब्याकडे बघत अण्णा तळहातावर बोट फिरवत होते. पट्टीवरची रेघ डोळ्यांनी धरायची, तशीच हातावर ओढायची. एकदा. पुन्हा.

मी तोंड उघडणार तोच, मागे न बघता म्हणाले, "मध्ये पडू नको."

मग म्हणाले, "ओ... वा. ओवा!"

डबा उघडून हुंगला. ओवाच होता. झाकण लावलं आणि पट्टीवर अंगठा ठेवून उभे राहिले. "तुझ्या आईचा ओ असाच. पोट सुटलेला."

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

४ मार्च

सगळे डबे वाचून झाले. 'बडीशेप'ला अर्धा तास.

१४ मार्च

वाचनाची परीक्षा. चार पानं. तळहातावर फक्त दोनदा गेले. बरी गेली — लिहायला हरकत नाही, छान गेली.

आणि उपयोग काय? घरी आल्यावर अण्णांनी विचारलं, "कसा झाला पेपर?" म्हटलं, ठीक. "नुसतं ठीक?" म्हणाले.

१९ मार्च

नेगी आंटी म्हणतात, "बेटा, अंकल दोपहर भर टेबल पे बैठे हाथ पे कुछ लिखते रहते हैं। चाय भी ठंडी हो जाती है।" इकडे पुस्तक बघावं तर खूण तिसऱ्याच गोष्टीवर! दोन आठवड्यांपूर्वी होती तिथेच. जरा बोलले त्यांना. रोज एवढा वेळ बसता, मग पुढे का सरकत नाही?

"सरकतंय," म्हणाले. "माझ्या हिशोबाने सरकतंय."

२७ मार्च

मॅडमचा फोन. परीक्षेत पहिली आले. अर्ज अजून नाही, सोमवारी मुदत संपतेय. "नहीं हो पाएगा मॅडम, घर पे..." त्या म्हणाल्या, "सोमवार तक मैं किसी और का नाम नहीं भेज रही।"

फोन ठेवला तर अण्णा समोर. "कुणाचा गं?"

"कॉलेजचा. असंच."

"अच्छा," म्हणाले. आणि माझ्याकडे बघत राहिले, पानाकडे बघतात तसे. सावकाश.

२९ मार्च

ही वही शिवाची आहे. लिहिणार मल्हारी शेळके. मुलांच्या गोष्टींचा कंटाळा आला होता, वही समोर पडलेली असायची. विचारलं नाही, ती माझी चूक. वाचायला तीन आठवडे लागले. काल संपली. एकवीस फेब्रुवारीचं पान दोनदा वाचलं. राग आला ते लिहिलंस, बरं केलंस. तुला पाटीवर बसवायचो तेव्हा तुझ्याही डोळ्यांत तो दिसायचा. मी हटलो नव्हतो. गोळ्यांच्या डब्यांवर माझ्या हाताने सकाळ आणि संध्याकाळ लिहिलं आहे आणि वाचूनही पाहिलं. नेगीबाईंशी बोललो आहे. हे लिहिलेलं मला लगेच वाचता येणार नाही, चुका असतील तर तू बघ. अर्ज भर. तिकडून फोन करशीलच, पण पत्रही टाक. मराठीत टाक. वेळ लागेल, पण माझं मी वाचीन.