जाळी वर ओढायची नाही

आई, तुला नमस्कार, आणि बाबा जागे असतील तर त्यांनाही.

मी मजेत आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवते. फक्त इथं समुद्राचं पाणी तापलंय. आमच्या मोत्यांच्या शिंपल्यांना विषाणूचा आजार लागलाय, आणि पाणी कोमट झालं की तो झपाट्याने पसरतो. म्हणून सगळ्या जाळ्या खाली, गार पाण्यात सोडल्यात. तिथे शिंपले कमी खातात, मोतीही हळू वाढतो, पण जगतात तरी.

माझा जीव कुठला थाऱ्यावर! उठसूट दोरी धरून जाळी वर ओढून बघायची. काल मुकादम खेकसला, “बाई, तुम्ही बघायला काढता आणि ते बिचारे पुन्हा गरम पाण्यात येतात. तुमच्या काळजीनंच मरतील!”

दादा सांगत होता, माझा फोन आला की बाबा तापातही उठून बसतात, खणखणीत आवाजात बोलतात आणि मग गळून पडतात. खरं का गं?

म्हणून आता फोन नाही, पत्र. त्यांना आपणहून जाग आली की वाचून दाखव. तू नीट झोपतेस ना?

ताप उतरला की फोन तूच कर. तोवर मी दोरीला हात लावणार नाही.

तुझी उतावळी,
धाकटी