आजीची गधी

१७ नोव्हें.
आजीला जाऊन चौथा दिवस. काल राख सावडली. आज काकूने आजीच्या खोलीत फिनाईल ओतलं. तीनदा. "म्हातारीच्या अंगाले जनावराचाच वास होता वं वैशू, भितीत मुरला हाय." तीस वर्षं सून होती ही तिची.
आजीची लुगडी गठ्ठा करून अंगणात टाकलीत. दोन उचलून माझ्या पिशवीत घातली. शेणाचे डाग आहेत. असू देत.
गोठ्यात आता एकच जनावर. चिमी. आजीची गधी. मी अजून तिकडे गेले नाही.

१८ नोव्हें.
बसस्टँडजवळ काकाने बॅनर लावलंय. आजीचा बरा असा एकच फोटो होता, पल्लवीने (काकाची मुलगी) मोबाईलवर काढलेला. गधीच्या मानेवर हात टाकून हसतेय, बोळकं उघडं. बॅनरवाल्याने गधी काढून तिथे पांढरी गाय बसवली. आजीचा हात गाईच्या पाठीत अर्धा बुडालाय. खाली – 'मुक्या जिवांची माउली'.
काकाला म्हटलं, "आपल्या घरी पांढरी गाय कधी होती?"
"लोकं पायतात ते. मंग काय गधी लावू?"
मुक्या जिवांची माउली! तीन वर्षांपूर्वी वीटभट्टीवाले पाठ सोललेली ही गधी टाकून गेले, आजी तिला कानाला धरून भर दुपारी गावातून घरी घेऊन आली, तेव्हा हाच माणूस दोन दिवस जेवला नव्हता. "शेतकऱ्याच्या दारात गधी! माय, गावात तोंड दाखवाले जागा नाई ठेवली तू." आजी म्हणाली होती, "तोंड तुहं हाय, पाठ तिची हाय. पाठ जास्त दुखून राह्यली."

२० नोव्हें.
भेटायला येणाऱ्या बायका. त्याच त्या गोष्टी, त्याच त्या चहाच्या फेऱ्या. एकीने विचारलं, आजी शिकलेली होती का. नाही. शाळा बघितलीच नाही तिने. जन्म शेतातला. संग्रामपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी तिच्या बापाची खोपडी. अलीकडे माणसं, पलीकडे बैल, मध्ये तुराट्यांचा तट्टा. थंडीत वासराच्या पोटाला पाठ लावून झोपायची. सांगायची, "त्याच्या पोटात गुडगुड झाली का मले सपनात कळे."
लग्न झालं तेव्हा मायसाठी नाही, बकरीसाठी रडली. आठव्या दिवशी बाप बकरी घेऊन दारात. सासरच्यांनी हसून घेतलं. बकरी राहिली. पुढे आजोबासुद्धा कबूल करायचे, या बाईने आधी बकरीला विचारलं, मग मला.
हे सगळं त्या बायकांना सांगावंसं वाटत होतं. काकू मध्येच म्हणाली, "लई कष्टाळू होत्या बिचाऱ्या." झालं. मिटलं आयुष्य.

२१ नोव्हें.
लिहायलाही किळस येतेय. तरी लिहिते.
स. शेजारच्या गंगूबाई आल्या. "वैशू, गधी दोन दिवसापासून खाऊन नाई राह्यली. पाय तं जरा." गेले. दारातच वास. गोड, सडका. पाठीवर, मानेजवळ, जुन्या जखमेची खपली निघालेली, आत पांढरं काहीतरी हलतंय. किडे. आजी पंधरा दिवस खाटेवर होती, तेवढ्यात या घरातल्या एकानेही तिकडे ढुंकून पाहिलं नाही. पाणी तेवढं पल्लवी ठेवायची, नाकाला ओढणी लावून.
मी बाहेर येऊन भिंतीशी ओकले.
जनावरांच्या दवाखान्यात फोन केला. साहेब शिबिराला गेलेत, सोमवारी या. गंगूबाई म्हणाल्या, "तुही आजी सीताफळाचा पाला वाटून भरे. पयले किडे काढा लागतात." कोण काढणार? त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. काकू हसली.
मीच काढले. हातात प्लास्टिकची पिशवी घालून, पल्लवीच्या भुवयांच्या चिमट्याने. मध्ये दोनदा ओकले. चिमी हलली नाही. कातडी थरथरत होती फक्त.
पाला भरला. हात पाच वेळा धुतले, तरी वास.

रात्री जेवले नाही. आठवत राहिलं, आणि स्वतःची शिसारी आली. बाबा गेल्यावर मी दहावीपर्यंत इथेच वाढले. दहा वर्षांची असेन. आजीने म्हशीच्या खुरातले किडे बोटाने काढले, राखेने हात धुतले, भाकरी थापली. मी ताट ढकललं. "शी! तुझ्या हाताचा वास येतो." तिने ताट उचललं. त्या दिवसापासून मला कधी स्वतः वाढलं नाही. "वैशूले तू वाढ," काकूला सांगायची. माझं लग्न झालं, मुलगी झाली, नांदुऱ्याहून सणासुदीला यायचे, तरी तेच. मी लक्षातही घेतलं नाही. नाही, खोटं. लक्षात होतं. बरंच वाटायचं.

२३ नोव्हें.
चिमीने कडबा खाल्ला. थोडाच.
काका फोनवर कुणाशी तरी, "तेरवीच्या आधी नाई जमत तं दुसऱ्या दिवशी ये. डोंगराकडं नेऊन सोड." मी विचारलं, काय सोडायचं?
"गधी. कोन करनार तिचं? तू?"
"तिकडे बिबट्या आहे काका."
"जगली तं जगली."
मग खरं कारण आलं. पल्लवीला बघून गेलेले डोणगावचे पाहुणे तेरवीला येणार. त्यांच्यासमोर गधी नको. काकूने माझा हात धरला. "एवढं लगीन जमू दे बाई." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं. म्हणून जास्त राग आला.
नांदुऱ्याला यांना फोन केला, चिमीला तिकडे आणू का. भाड्याचं घर, दुसरा मजला. हे हसले. मग म्हणाले, "बघ तू."

२६ नोव्हें.
तेरवी. चिमी मागच्या कुडाच्या खोलीत कोंडलेली, वर ताडपत्री. मला सांगितलं, तिकडे जायचं नाही.
जेवणाआधी भाषणं. काका उठला. "माह्या मायनं मुक्या जनावराले पोटच्या लेकरावानी जपलं. तोच वारसा आमी..." उपरणं डोळ्यांना लावलं त्याने. लोकांनी माना डोलावल्या. पुढची भाषणं मी कानावरच घेतली नाहीत.
पंगतीत डोणगावच्या बाईंनी सहज विचारलं, "आता हायेत का त्याईचे जनावरं?" काकू म्हणाली, "नाई हो, सारे इकून टाकले."
मी म्हटलं, "एक आहे. गधी. मागे कोंडलीय."
बुंदी वाढणाराही थांबला. बाई खाली बघून भात कालवत राहिल्या. जाताना पल्लवीच्या डोक्यावरून हात फिरवला, पण बोलणी केली नाहीत. "कळवतो," म्हणाले.
मग घरात जे झालं ते लिहीत नाही. काकू म्हणाली, लगीन मोडलं तर तुझ्या डोक्यावर. पल्लवी रडत होती. तिच्याजवळ जाऊन बसले तर म्हणाली, "ताई, तुले उद्या जायचं हाय. मले इथंच राह्यचं हाय." मी उठले. खरं बोलले याचा आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. पोरीला मध्ये घेऊन मी काकावर सूड उगवला की काय?

२७ नोव्हें.
स. सहाला मागच्या कुडाच्या खोलीत गेले. काका आधीच तिथे. उकिडवा बसलेला, चिमीची मान मांडीवर. मला वाटलं दोर सोडतोय.
वर न बघताच म्हणाला, "आतल्या कोपऱ्यात राह्यले होते दोन. तुले दिसले नाई."
नुसत्या बोटांनी काढले त्याने. अंगठ्याने कातडी ताणायची, करंगळीने आत शिरायचं. हुबेहूब आजी. मग जखम हुंगली. "आता नाई सडत," म्हणाला. राखेने हात धुतले.
म्हणजे याला सगळं येत होतं. लहानपणी तिच्याबरोबर बसून शिकला असणार. आजी खाटेवरून पंधरा दिवस "चिमीले पाय रे" म्हणत होती, आणि येत असून हा गेला नाही. न येणाऱ्याला मी माफ केलं असतं.
"काऊन नाई केलं मंग?" माझ्या तोंडून आपसूक इथलीच बोली निघाली.
त्याने हात पुसले. "एकदा हात लावला असता तं मंग सोडता आली नसती."
"आता लावला ना."
चिमीला न्यायची गाडी दुपारी येणार होती, ती नको म्हणून सांगितलंय का, विचारलं. तो चपला घालून शेताकडे गेला.
डोणगावचा फोन नाही. आता अकरा वाजलेत. पल्लवीने चहा आणून ठेवला, मग चिमीच्या पाण्याची बादली स्वतःच भरली.
मी शिकवते त्या शाळेत फोन करून आणखी दोन दिवस रजा मागितली. हेडबाईंनी कारण विचारलं. म्हटलं, घरात आजारी आहे.
कोण, ते त्यांनी विचारलं नाही.