चौथ्या पायाचं वजन

प्रिय मामा,

रागात पत्र लिहू नये असं तुम्हीच शिकवलंत, म्हणून चार दिवस थांबलो. राग उतरला नाही, उलट मुरला. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, चुका असतील, त्या दुरुस्त करत बसू नका. आधी शेवटपर्यंत वाचा. एका जागी टिकत नाही म्हणून तुम्ही मला भिंगरी म्हणता, पण या कामावर दोन वर्षं टिकलोय.

तुम्ही ज्याच्यावर उभी हयात काढलीत तो समुद्रातला प्लॅटफॉर्म आता मोडीत निघतोय. खालचा गॅस संपला. विहिरी बुजवायच्या, सगळा सांगाडा कापायचा, उचलून किनाऱ्याला आणायचा. त्याआधी खर्चाचा अंदाज काढतात, आणि महिनाभर आम्ही सहाजण त्यालाच जुंपलोय. मला वाटायचं अंदाज म्हणजे एसीत बसून बोटं मोजणं. तसं नाही. दोराला लटकून प्लॅटफॉर्मच्या लोखंडी पायांवर शिंपल्यांचा थर किती चढलाय ते पट्टीने मोजायचं, गंज खरवडून पत्रा किती उरला ते बघायचं, नकाशात नसलेली प्रत्येक शिडी, प्रत्येक पाइप लिहून काढायचा. शेवटी सगळ्याचं वजन होतं. वजनावरून क्रेनचं जहाज ठरतं, आणि त्या जहाजाच्या एका दिवसाच्या भाड्यात आपली अख्खी गल्ली नवी बांधून होईल.

अंदाजाचं काम एक इंजिनिअर बाई बघतात. तोंडाने फटकळ, पण अडाणी म्हणून मला हिणवत नाहीत. बुधवारी मी पायांवर हातोडी मारत होतो. तीन पाय घंटेसारखे वाजले. चौथा बोलेचना. बाईंनी नकाशा उलटापालटा केला, त्यात चारही पाय पोकळ. मला मात्र तुमचा किस्सा आठवला. दरवेळी सुट्टीला आलात की सांगायचात. जहाजं ओढणारी टग बोट पायाला धडकली, पायाला पोचा आला, वरच्यांना कळायच्या आत तुम्ही चौघांनी भोक पाडून आत सिमेंट ओतलं, वरून पत्रा जोडला, रंग फासला, आणि तपासणीला आलेला साहेब त्याच पायाला टेकून फोटो काढून गेला. आम्ही पोरं हसून लोळायचो. आई तेवढी उठून भांडी घासायला जायची. वाटायचं, तिला विनोद कळत नाही.

मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, आत काहीतरी आहे हे हातोडी सांगते, किती खोल आहे ते सांगत नाही. दहा मीटर असेल तर निभेल. तळापर्यंत असेल तर सव्वाशे टन जादा, उचलताना सांगाडा एका अंगाला कलंडेल. ओतणाऱ्याचं लेखी आण, मी आकडा बदलते. बाईंच्या वरचा मॅनेजर तर हसलाच. कागदावर नाही ते वजनात नाही, म्हणे. पाणबुडे पाठवले तर खर्च वाढतो, आणि अंदाज स्वस्त दिसला तरच त्याला काम मिळणार. त्या चौघांतले तुम्ही एकटेच उरलात, म्हणून फोन केला. तर तुम्ही म्हणालात, असं काही घडलंच नाही, कुणीतरी तुला थापा मारल्या. मामा, थापा मारणारे तुम्हीच होतात. ज्या माणसाने हात धरून मला पहिल्यांदा बोटीवर चढवलं तो धडधडीत खोटं बोलतो, आणि वर विचारतो, जेवलास का.

तुम्हाला पेन्शन आहे, दारात खुर्ची आहे. उचलायच्या दिवशी हूक लावायला कोण असेल? आम्हीच. ठेकेदाराने आत्ताच सांगून ठेवलंय. चौथ्या पायाला मी आणि एक वेल्डर. नवीन लग्न झालंय त्याचं, रोज बायकोचा फोटो दाखवून आमचं डोकं खातो. तुमच्या किस्स्यावर तो कधी हसलेला नाही, त्याला तो माहीतच नाही.

काल आईला फोन केला. तुमची तक्रार करायलाच केला, खोटं कशाला सांगू. तिने सगळं ऐकून घेतलं आणि त्या दिवशी टगच्या सुकाणूवर कोण होतं ते सांगितलं. बाबा होते. प्यालेले होते. बहिणीचा संसार मोडू नये म्हणून तुम्ही सिमेंट ओतलंत, आणि कुणी नीट विचारू नये म्हणून त्याचा विनोद केलात. हे ऐकून माझा राग जायला हवा होता. गेला नाही. इतकी वर्षं तुम्ही मला माझ्याच बापावर हसवलंत, आणि मला कळूही दिलं नाहीत. बाबा जाऊन सहा वर्षं झाली, त्यांना आता कुणी कामावरून काढू शकत नाही. आईच म्हणाली, मेलेल्याची अब्रू झाकायला जिवंत पोरांच्या अंगावर लोखंड पाडायचं नाही, मामाला लिही. म्हणून हे पत्र. सोबत कोरा कागद आहे, बाईंचा पत्ता घातलेलं पाकीट आहे. पंधरा तारखेला आकडा कायम होतो, त्याआधी पोचलं पाहिजे. किती पोती, किती खोल, कोणत्या साली, आणि टगवर कोण होतं, सगळं लिहा आणि खाली सही करा. बाबांचं नाव पूर्ण लिहा, आडनावासकट.

तुमचाच, अजून तरी,
भिंगरी