लेबलवर एकही चूक नव्हती

जांभूळ,
सोमवार, २१ एप्रिल २०२५

ती. महेंद्र भावोजी यांस साईनाथचा नमस्कार.

इकडे आम्ही ठीक आहोत. आईची शुगर ताब्यात आहे. आंब्याला या वर्षी मोहोर कमी होता, तरी लोणच्यापुरत्या कैऱ्या निघतील असं ती म्हणते. तुमच्या कोपराची चौकशी करत नाही. प्लेट बसवल्याचा एक्स-रे तुम्ही स्वतःच ग्रुपवर टाकला आणि खाली ‘टायगर इज बॅक’ असं लिहिलं, म्हणजे तब्येत बरी असणार.

पत्र बघून तुम्ही हसाल. पण फोन केला की तुम्ही स्पीकरवर टाकता आणि शेजारी जो कोणी असेल त्याला म्हणता, “ऐका, आमचे मास्तर बोलतायत.” व्हॉट्सॲपवर लिहिलं की त्याचा फोटो काढून ग्रुपवर पाठवता. शिवाय मोबाइल माझे शब्द आपल्या मनाने बदलतो, ते मला चालत नाही. म्हणून कागद घेतला. दोनदा कच्चं लिहून झालं, हे तिसरं.

तुमच्या बाइक ग्रुपच्या १ मेच्या राइडबद्दल लिहायचं आहे. पंधरा माणसं, पंधरा काळी जॅकेटं, पाठीवर वाघाचं तोंड, त्याखाली ज्याचं त्याचं नाव. हेंद्रेपाड्यातून निघून बारवी धरण, तिथे फोटो, मिसळ आणि परत. एवढ्या अंतरावर आमच्या गावच्या बाया डोक्यावर मोळी घेऊन जातात, त्यांचा कोणी ग्रुप काढलेला नाही.

मे महिन्यात सकाळी अकरा वाजता काळं रेक्झिन अंगात घालणाऱ्या माणसाला काय म्हणावं, याला माझ्या नववीपर्यंतच्या मराठीत शब्द नाही. मी तुम्हा लोकांना बघितलं आहे. घरून निघताना सगळे गळ्यापर्यंत चेन लावता. नदीचा पूल येईपर्यंत ती पोटापर्यंत खाली येते. पुढच्या टपरीवर जॅकेट कमरेला बांधलेलं असतं. तुमच्या ग्रुपमधला अक्षय तर हेल्मेट कोपराला अडकवून चालवतो. त्याचा मेंदू तिथे असेल तर माझी काही हरकत नाही.

उन्हाळ्यात गाडीवर घालायचं जॅकेट जाळीचं असतं, भावोजी. जाळी छातीला आणि बाहीच्या आतल्या बाजूला. खांदा, कोपर आणि पाठ इथे जाड, न घासणारं कापड, कारण माणूस घसरतो तो खांद्या-कोपरावर. रंग फिका घ्यायचा. माप अंगाबरोबर घ्यायचं. ढगळ घेतलं की पडताना बाही फिरते, पॅड एकीकडे जातं आणि कोपर दुसरीकडे. आतला टी-शर्ट ओला करून पिळून घातला तर चेन पूर्ण लावूनही वारा गार लागतो, आणि चेन लावलेली असली तरच त्या जॅकेटला काही अर्थ. हातमोजे भोकाभोकांचे मिळतात, तळव्याला मात्र जाड थर हवा, कारण पडणारा आधी हात टेकतो. बूट घोट्याच्या वर जाणारे. तुम्ही पडलात तेव्हा पायात रबरी चप्पल होती. वाघाला चप्पल.

आणि पॅड. कोपराचं पॅड बाहीच्या आतल्या खिशातून बाहेर काढून अंगठ्याने दाबायचं. चांगलं पॅड दाबलं जातं, पण अंगठा पार जाऊ देत नाही, आणि जोरात ठोकलं तर कडक होतं. वाईट पॅड दाबलं की पलीकडे आपलंच बोट लागतं. एवढं साधं आहे. पण दुकानात पॅड काढून बघणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. तुम्ही आरशात बघता.

या पत्राबरोबर पाकिटात एक काळा तुकडा आहे. तो अंगठ्याने दाबून बघा, मग पुढे वाचा.

तो तुमच्या उजव्या बाहीतला आहे. ताईने तुमचं फाटलेलं जॅकेट पिशवीत घालून माझ्याकडे पाठवलं होतं, “ह्यांचं लकी जॅकेट आहे, बाही लावून दे” म्हणून. मी बाही लावली नाही, उसवली. फ्रिज घरी आला की त्याच्या खोक्यात कोपऱ्यांना पांढरा फोम असतो ना, तोच आहे, वरून काळा स्प्रे मारलेला. बाहीची शिवण कोपराच्या बरोबर मधून गेली आहे, म्हणजे रस्त्यावर जे आधी घासणार तिथेच टाका. एकच टाका, साधा धागा. डॉक्टरांनी तुमच्या दंडातून काळे धागे चिमट्याने काढले, ते या अस्तराचे होते. ते वितळून कातडीला चिकटले होते. तुम्ही सगळ्यांना सांगता, जॅकेट होतं म्हणून वाचलो. जॅकेटमुळे तुमचं काहीही वाचलेलं नाही. तुम्ही चाळीसच्या वेगात खडीवर घसरलात आणि समोरून काही आलं नाही, म्हणून वाचलात.

आता दवाखान्यातली गोष्ट आठवा. मी डबा घेऊन आलो होतो. अक्षय खुर्चीवर बसला होता.

“दादा,” तो म्हणाला, “ओरिजिनल कसं ओळखायचं पण? मार्केटमध्ये सगळा डुप्लिकेट माल आहे.”

तुम्ही उशीला टेकून, डावा हात हलवून म्हणालात, “एकदम सिंपल आहे रे. लेबल वाचायचं. डुप्लिकेटवाले अडाणी असतात, स्पेलिंगमध्ये मार खातात. माझं लेबल बघ. मी दुकानात उभा राहून एकेक अक्षर वाचलं. एक मिस्टेक दाखव, शंभर जॅकेटं घेतो. विचार आमच्या मास्तरांना! काय मास्तर, करेक्ट ना?”

मी खाटेला टांगलेल्या त्या जॅकेटचं लेबल हातात घेतलं, वाचल्यासारखं केलं आणि म्हणालो, “बरोबर आहे.”

बरोबर असणारच होतं. ते मी तपासलेलं होतं.

मी कुठे काम करतो हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. ‘उल्हासनगरला शिलाई मारतो’ एवढंच लोकांना सांगता. कॅम्प ४ ला किसनशेठचा कारखाना आहे, एका गाळ्यात सात मशिनी. आधी आम्ही शाळेच्या बॅगा शिवायचो. दोन वर्षांपासून बाइकची जॅकेटं शिवतो. लेबलं बाहेरून छापून येतात. पहिली आली ती दुकानदारांनी परत पाठवली, गिऱ्हाईक वाचून हसतं म्हणाले. ‘प्रोटेक्शन’मधला दुसरा टी गायब होता, ‘सर्टिफाइड’मध्ये आयच्या जागी वाय, आणि ‘जेन्युइन’ तर वाचवत नव्हतं. मी जेवणाच्या सुट्टीत लाल पेन घेतलं आणि सगळ्या चुका दुरुस्त करून दिल्या. कोणी सांगितलं नव्हतं. चुकलेलं अक्षर दिसलं की मला बसवत नाही, खड्यावर बसल्यासारखं होतं.

किसनशेठ लेबल उजेडाला धरून म्हणाले, “अरे वा, साई! तू तो पूरा प्रोफेसर निकला. अब ये माल असली हो गया.” सातही मशिनी थांबवून त्यांनी सगळ्यांना ते दाखवलं. शाळा सोडल्यापासून माझं अक्षर कोणी दुसऱ्याला दाखवलं नव्हतं. मला फार बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

तर तुमची परीक्षा बरोबर होती, भावोजी. डुप्लिकेटवाले अडाणी असतात. फक्त यांच्याकडे एक नववी पास माणूस होता.

गेल्या गुरुवारी तुमच्या ग्रुपची ऑर्डर आमच्याच गाळ्यात आली. दुकानदाराने मापांच्या चिठ्ठ्या पाठवल्या होत्या, प्रत्येकीवर पाठीवर घालायचं नाव. अक्षय, छाती बेचाळीस. रूपेश, छाती चव्वेचाळीस. अशा चौदा. पंधरावी होती: भाविका, छाती सव्वीस.

मी किसनशेठना विचारलं, “हे लहान मुलाचं माप आहे. याच्यात पॅड कुठलं?”

“वही, जो सबमें है. छोटा काट दे.”

“शेठ, माझी भाची आहे ही. माणूस पडला तर?”

“गिरने वाला गिरेगा, जैकेट क्या करेगा? तू मशीन चला, भाषण मत दे.”

मी मशीन बंद केली आणि उठलो. माझ्या डोक्यात होतं की आता काम थांबेल. शेठ पलीकडच्या मशीनवरच्या अंजनीमावशीला म्हणाले, “ये पंद्रह पीस तू ले ले,” आणि तिने चिठ्ठ्या उचलल्या. तिला मी दोष देत नाही. तिला इंग्रजी वाचता येत नाही, आणि फोम तिने आणलेला नाही, तो शेठच मागवतात. त्या दिवसापासून मी कामावर गेलेलो नाही. माझ्या न जाण्याने काही अडलेलं नाही. जॅकेटं २८ तारखेला दुकानात पोहोचतील.

मी बाकीची चौकशीही केली. प्लॅस्टर असल्यामुळे तुम्ही स्वतः राइडला जीपमधून जाणार. एसी लावून. आणि नऊ वर्षांच्या मुलीला अक्षयच्या मागे बसवणार, फोटोत छोटी वाघीण पाहिजे म्हणून. हेल्मेट कोपराला लावणाऱ्या अक्षयच्या मागे. तुम्ही माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे आहात आणि आमचे जावई आहात, म्हणून मी एवढंच लिहितो की हे वाचताना तुम्हाला लाज वाटायला हवी.

काय करायचं ते सांगतो. ऑर्डर रद्द करा. दुकानदार आढेवेढे घेईल, त्याला हा तुकडा दाखवा. ग्रुपला सांगा की तुमचं लकी जॅकेट खोटं होतं. हसतील. तुम्ही आजवर इतक्यांना हसला आहात, एकदा उलटं होऊ द्या. कोणी विश्वास ठेवला नाही तर माझं नाव घ्या, पत्ता द्या, मी येऊन सगळ्यांसमोर बाही उसवून दाखवतो. आणि भाविकाला तिच्या मापाचं खरं जॅकेट आणि खरं हेल्मेट मिळेपर्यंत कुठल्याच गाडीवर बसवू नका.

आता एक राहिलं. भावोजी, तुम्ही दोन ओळींच्या पुढे काही वाचत नाही, कंटाळता. हे पत्र सुरुवातीपासून ताई तुम्हाला वाचून दाखवते आहे, हे मला माहीत आहे. वीजबिल असो की कोर्टाची नोटीस, तुमच्या घरात तीच वाचते.

ताई, पुढचं तुला लिहितो आहे. पण मनात वाचू नकोस. त्यांनाही ऐकू दे.

पाडव्याला तुम्ही जांभूळला आलात तेव्हा भावोजींनी ते जॅकेट पहिल्यांदा घातलं होतं. दारातून आत येईपर्यंत मी ते ओळखलं. कॉलरच्या आत शेवटचा टाका मी उलटा मारतो, दुसरं कोणी मारत नाही. भावोजी पंख्याखाली बसून घाम पुसत होते, पण काढत नव्हते. मी फक्त एवढं म्हटलं, “उन्हाळ्याचं हे जॅकेट बरोबर नाही.” त्यावर ते म्हणाले, “मास्तर, नववीवाल्याने बाइकचं बोलायचं नसतं. तू चड्ड्या शिव.” सगळे हसले. तू पुऱ्या वाढत होतीस, तूही हसलीस. आई मला डोळ्यांनी सांगत होती, जावय हाय, गप ऱ्हा.

मी आईसाठी गप्प राहिलो असं तुला वाटेल. तसं नाही. सांगायला मी तोंड उघडलं होतं. मग त्यांच्याकडे बघितलं आणि मनात आलं, घालू दे. इतका शहाणा आहे ना, घालू दे. मला आतून हसू येत होतं. जेवताना मी दोनदा श्रीखंड मागून घेतलं.

पुढच्या रविवारी, रामनवमीला, तुझा फोन आला. रडत होतीस, काय झालं ते धड सांगता येत नव्हतं. तू सांगण्याआधी मला कळलं होतं, ताई. एवढंच कळत नव्हतं की माणूस जिवंत आहे की नाही, आणि ते विचारायचं मला धाडस होत नव्हतं.

त्यानंतर दवाखान्यात खरं सांगायची संधी माझ्यासमोर होती. तेव्हाही मी स्पेलिंग बरोबर आहे म्हणालो. भाविकाच्या मापाची चिठ्ठी माझ्या हातात आली नसती तर मी हे पत्र लिहिलं असतं का, ते मी चार दिवस स्वतःला विचारतो आहे. बाकीचे चौदा जण मला मूर्खच वाटत होते आणि मूर्ख माणूस पडला तर पडू दे, इथपर्यंत मी आलो होतो. भावोजींवर मी इतकं तोंड सोडलं, त्यातलं काही मागे घेत नाही. पण ते नुसते स्वतः पडले. मी बघत होतो.

त्यांना राग येईल, त्यांचा हक्क आहे. तुझा राग मला सोसणार नाही, तरी तो तू आवर असं म्हणत नाही. फक्त आधी दुकानात फोन कर, मग माझ्यावर चिड. २८ ला सोमवार आहे.

पाडव्याच्या पंगतीत पोटभर जेवून उठलेला,
तुझा भाऊ
साईनाथ