दुसरा बाण

१८ फेब्रुवारी २०२६, राखेचा बुधवार
क्रॉसबो आला. खोक्यावर ‘स्पोर्ट्स’ असं छापलंय, म्हणून बायकोला व्यायामाचं साधन आहे असं सांगितलं. फ्लॉसी म्हणाली, मग कपाळाची राख पुसायच्या आत कुणाला मारायला निघालात? बाईमाणसाला लांबचं दिसत नाही.

लांबचं म्हणजे पडवीतली सांबराची शिंगं. पप्पांनी तरुणपणी ठासणीच्या बंदुकीने मारलेलं सांबर. ईस्टरच्या जेवणाला सगळ्यांसमोर ते सांगणार आहेत की शिंगं कुणाला, मला की सॅन्टनला. मी एकुलता एक मुलगा. सॅन्टन नुसता पुतण्या, विरारला टॉवरमध्ये राहतो, दंड फुगवतो. पण पप्पा म्हणतात, शिंगं शिकाऱ्याच्या घरी जातील, कारकुनाच्या नाय. छप्पन्न वर्षांचा झालो तरी मला ते हाक मारताना कारकूनच म्हणतात. मी सीनियर मॅनेजर म्हणून रिटायर झालोय.

ईस्टरच्या आत एक सांबर. बस्स.

२१ फेब्रुवारी
कायद्याचा विचार केला. शिकारीला बंदी आहे हे मान्य. पण ती जंगलातल्या जनावरांसाठी असणार. आपलं जनावर डोंगरावरून उतरून आपल्याच वाडीत येतं, आपलाच वाल खातं. म्हणजे जवळपास घरचंच.

फणसावर मचाण बांधलं. बांधलं म्हणजे फ्लॉसीने बांधलं, मी खालून मार्गदर्शन केलं.

२४ फेब्रुवारी
क्रॉसबो भरणं सोपं आहे. पुढच्या लोखंडी कडीत पाय घालायचा, दोरी दोन्ही हातांनी ओढून खटक्यात अडकवायची, वर बाण ठेवायचा. अंगणात जमलं नाही. चिनी दोरी, सुरुवातीला ताठ असते. फ्लॉसीने भाजी चिरता चिरता उठून एका झटक्यात ओढून दिली. जन्मभर विहिरीचं पाणी ओढलंय, तिचं ते टेक्निक नव्हे, नुसती ताकद.

१ मार्च, पहाटे
पहिली बैठक. जनावर आलं! सांबरच. फ्लॉसीने खालीच भरून दिलेला बाण मारला. चुकला, पण मुद्दाम म्हणता येईल असा, म्हणजे वाऱ्याचा अंदाज आला. दुसरा भरायला घेतला तर कळलं की मचाणावर उभं राहायला जागाच नाही. बसून कडीत पाय घातला, दोरी ओढली, कमरेत चमक भरली. जनावर माझ्याकडे बघत निवांत वाल खात उभं राहिलं. पोट भरल्यावर गेलं.

सिद्धांत: पहिला बाण मापासाठी, दुसरा शिकारीसाठी. खरा शिकारी दुसऱ्या बाणात दिसतो. म्हणजे प्रश्न फक्त पुन्हा भरण्याचा उरला.

पप्पांना सांबर आलं म्हणून सांगितलं. ते म्हणाले, भेकर हाय ते, बकरीएवढं. त्यांची नजर गेली आता. चौऱ्याऐंशी वय म्हणजे काय.

४ मार्च
नियम पाळलाच पाहिजे. भरलेला क्रॉसबो घेऊन झाडावरून उतरायचं नाही, आधी बाण खाली जमिनीत सोडून द्यायचा. व्हिडिओत तसंच सांगितलंय. आज सोडला, वाडीच्या पाण्याचा पाइप फुटला. पाइप तिथून नेलाच कुणी? पप्पांनी, १९९० साली. नियोजन शून्य.

११ मार्च
सराव. फ्लॉसीच्या डोक्याला पडवीतली शिंगं ओढणीने बांधली आणि तिला वालात रांगायला लावलं. बाण न लावता नुसता नेम धरला. फार हलत होती. जनावर असं सारखं गुडघे चोळत नाही, हे तिला वरून ओरडून सांगितलं. तेवढ्यात पप्पा ओट्यावर येऊन बसले आणि हसत राहिले. मला वाटलं तिला हसतायत. मग म्हणाले, फ्लॉसी, तू वर चढ गो, त्याला खाली रांगू दे. तिने शिंगं काढून ठेवली ती पुन्हा घातली नाहीत. कलावंताची कदर घरातून कधीच होत नाही.

२२ मार्च
सॅन्टन येऊन गेला. पप्पांच्या पायाशी बसला, त्यांच्या जुन्या गोष्टी पुन्हा ऐकल्या, तोंड आ करून. लाळघोटेपणा! जाताना मला विचारलं, दादा, दोरी ओढून देऊ का? नको म्हटलं. कमरेला पट्टा होता म्हणून, नाहीतर दाखवलंच असतं.

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार
चर्चहून आल्यावर पप्पांनी स्वतःहून विचारलं, उद्या पहाटे बसनार काय? हो म्हटलं. म्हणाले, बरं. आवाज मऊ होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. रात्रभर झोप नाही. आता मारलंच पाहिजे. त्यांनी एकदा नुसतं ‘माझा पोर’ म्हणावं, शिंगं सॅन्टनने नेली तरी चालतील. (नको. शिंगंही पाहिजेत.)

३० मार्च
हात बँडेजमध्ये, अक्षर वाकडं.

उजाडेपर्यंत जनावर नाही. उतरायचं ठरवलं. नियमाप्रमाणे बाण खाली सोडला. खाली बघून सोडायचं असं व्हिडिओत नव्हतं.

पप्पा होते. माझ्यासाठी थर्मासमधून चहा घेऊन आले होते. काठी टेकत, एकटे. आयुष्यात कधी चहा आणला नाही या माणसाने. बाण पावलातून आरपार, चप्पल जमिनीला खिळलेली.

ओरडले नाहीत. मी ओरडलो. तर खालून दबक्या आवाजात म्हणाले, गप. मागं बघ.

मागे ते उभं. वालात. भेकरच आहे, बकरीएवढं.

पप्पा म्हणाले, दुसरा भर. पाय राहू दे. भर.

कडीत पाय घातला. दोरी ओढली. अर्ध्यावर आली, पुढे येईना. सोडता येईना. पप्पा खालून बघतायत, रक्त वाहतंय, आणि म्हणतायत, भर रे, भर. दोरी सुटली आणि अंगठा फोडून गेली. भेकराने मान वर करून आम्हा दोघांना पाहिलं, मग उरलेला वाल खाल्ला.

फ्लॉसी धावत आली. बाण उपटला, पप्पांना पाठीवर घेतलं आणि रस्त्यापर्यंत नेलं. मला मागून उतरताना मदत नव्हती.

दवाखान्यात पप्पांनी डॉक्टरला सांगितलं, खिळ्यावर पाय पडला. माझे डोळे भरून आले. मला वाचवलं! डॉक्टर गेल्यावर तसं म्हणालोही. तर म्हणाले, बान म्हटला असता तर कोनी मारला इचारलं असतं. लाज माझी गेली असती.

५ एप्रिल, ईस्टर
सगळे जमले. पप्पा पाय उशीवर ठेवून बसले होते. जेवणाआधी शिंगं उतरवायला सांगितली आणि सगळ्यांसमोर माझ्या हातात दिली. माझ्या! फ्लॉसीसुद्धा बघत राहिली.

मग म्हणाले, धूळ बसलीय, नीट पूस. आनि सॅन्टनकडं पोचव. त्याचा खांदा दुखतोय, त्याला नको उचलायला लावू.

६ एप्रिल
शिंगं पुसली, चादरीत गुंडाळून स्कूटरच्या पुढ्यात घेतली. गोखिवरे नाक्यावर चादर सुटली. पोलिसाने हात केला.

विचारलं, हे तुम्ही मारलं?

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी आयुष्य काढलं. आणि उत्तर हो दिलं की थेट आत. म्हणालो, साहेब, वडिलांचं आहे, फार जुनं. मी आजपर्यंत उंदीरसुद्धा मारलेला नाही, घरी कुणालाही विचारा.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग कमरेच्या पट्ट्याकडे, मग अंगठ्याच्या बँडेजकडे.

जा म्हणाले. कुणालाही विचारलं नाही.