दोन इंच आणि एकेचाळीस नंबर

२ मे
दुष्काळाची योजना फ्रिजवर चिकटवली. पंधरा जूनपर्यंत दोन इंच पाऊस झाला नाही तर तीस गायी बाजारात! आधी म्हाताऱ्या, मग भाकड, मग खाष्ट. "मग पहिला मलाच ट्रकमध्ये घाल," माझा नवरा ऑरिन म्हणाला. त्याला सही पेन्सिलने करायची होती. मी पेन हातात दिलं.
यादीत सर्वांत वर एकेचाळीस नंबर. तिन्ही कलमांत बसते. परवाच तिने मला पिकअपच्या टपावर चढवलं!

९ मे
चाऱ्यासाठी अकरा फोन, चार कप कॉफी. ऑरिन लांब बसून दूध पीत होता — कॉफीच्या वासानेच त्याला मळमळतं. अकराव्या माणसाकडे गवत आहे, पण सोबत साठ बकऱ्याही घ्याव्या लागतील म्हणे! फोन आपटला. ऑरिन विचारतो, "साठच?"

१८ मे
शेजारी ड्वाइटचं कुरण रिकामं आहे. पण कुंपणाच्या भांडणापासून सहा वर्षं तो आणि ऑरिन बोलत नाहीत. "गायी उपाशी राहिल्या तरी मी त्याच्या दारात जाणार नाही!" — हे सकाळी. दुपारी मी भाजलेला रूबार्ब-पाय, म्हणजे आंबटगोड सारणाचा केक, घेऊन तोच गेला.
कुरण मिळालं. एकोणतीस गायींसाठी! "ती एकेचाळीस नको. दोनदा माझं फाटक मोडलंय तिने," ड्वाइट म्हणाला म्हणे.
म्हणजे आता पाऊस नाही आला तर ती एकटीच जाणार. योजना म्हणजे योजना.

१९ मे
एकेचाळीसला अकरा वासरं झाली. हिमवादळातही एक दगावू दिलं नाही तिने. भावनेचा प्रश्न नाही. नुसती नोंद.

१ जून
कुंपणावरच्या पाऊस मोजायच्या नळीत एक इंच. झोपेत असताना पडला असावा.

६ जून
नळीत दीड इंच! तेवढ्यात ड्वाइट आला. "माझ्याकडे थेंब नाही, आणि तुमच्याकडे दीड इंच? आणि या पाण्याला कॉफीचा वास कसा येतोय?"
ऑरिनने मान खाली घातली. "मीच ओततोय."
मी त्याला ड्वाइटसमोरच झाप झाप झापलं! "पेनने सही केलीयस ना? लाज नाही वाटत?" शेवटी ड्वाइटलाच त्याची दया आली. मी नळी ओतून रिकामी केली.

१४ जून
आभाळ कोरडं. ट्रक उद्या सकाळी येतोय. जेवण गेलं नाही.

१५ जून
ट्रक दारात. नळी कोरडी. ऑरिनने माझा कॉफीचा कप पाण्याने भरून आणला, माझ्या हातात दिला. "तूच ओत. इतके दिवस तूच ओततेयस, हाताला अंदाज आलाय. मी ट्रकवाल्याला परत पाठवतो. ती खाईल आपल्या परसातलं गवत."
ओतलं. बरोब्बर दोन इंच.